दगडावरचं लखनौ

एक गंमत करून बघा. कागद घ्या आणि आपलं नाव असं लिहा, की आरशासमोर धरल्यावर ते सरळ वाचता आलं पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरालाच हात अडखळतो. पोट कुठल्या बाजूला फुगवायचं आणि काना कुठे ओढायचा, हे डोक्याला कळतं, बोटांना कळत नाही. आता हेच काम केसाइतक्या बारीक कुंचल्याने, तेलकट शाईने, चुनखडीच्या दगडावर करायचं, तेही उर्दूच्या नस्तलीकसारख्या वळणदार लिपीत आणि दिवसभर. एकोणिसाव्या शतकातल्या लखनौत या कामाचा पगार मिळत असे. ते करणाऱ्याला संगसाज म्हणत. संग म्हणजे दगड. पानावर एखादा नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, सुटला, एखादी वेलांटी चुकली, तर संगसाज ती थेट दगडावर उलट्या अक्षरांत दुरुस्त करायचा.

असे संगसाज, सुंदर अक्षर काढणारे खूशनवीस, मुद्रितं तपासणारे मौलवी आणि पंडित शेकड्यांनी ज्याने एका छताखाली आणले, तो माणूस मथुरा-अलीगढ भागातल्या भार्गव कुटुंबातला होता. मुन्शी नवलकिशोर. जन्म १८३६, मृत्यू १८९५. उर्दू आणि फारसीचं जे जुनं साहित्य आज आपल्या हाती आहे, त्यातलं केवढं तरी या एका माणसाच्या छापखान्यातून बाहेर पडलं. हजारो पुस्तकं, पाच हजारांच्या आसपास. आकडा ऐकून मी आधी मान डोलावली आणि पुढे गेलो. मग दगडांचा हिशेब डोक्यात आला आणि थबकलो.

तो हिशेब कळायला आधी दगड कळला पाहिजे.

उर्दूवाल्यांना छपाईचे शिशाचे खिळे कधी मानवलेच नाहीत. आपलं देवनागरी अक्षर शिरोरेघेला टांगलेलं, एकाशेजारी एक असं सुटं उभं राहतं. जुळाऱ्याने खिळा उचलला, पट्टीत बसवला, झालं. (काना-मात्रा आणि जोडाक्षरांनी जुळाऱ्याचा जीव घेतला ती कथा वेगळी.) नस्तलीकमध्ये मात्र अक्षर शब्दात कुठे येतं आणि त्याच्या शेजारी कोण बसलंय, यावर त्याचं रूप ठरतं. शिवाय शब्द आडव्या रेषेत चालत नाही. उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत येतो, जिन्यावरून कुणी घेरदार अंगरखा सावरत उतरावं तसा. हा उतार सुट्या खिळ्यांत कसा पकडणार? कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळापासून खिळ्यांनी उर्दू छापायचे प्रयत्न झाले, पण वाचकांना ते पान परकं वाटायचं. मोडीचं वळण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. धावत्या लिपीचे तुकडे केले की तिचा श्वासच तुटतो.

उपाय सापडला तो बव्हेरियात. १७९६ मध्ये आलॉइस झेनेफेल्डर नावाच्या नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. खिळ्यांना पैसे नव्हते. आईने धोब्याच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली, हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ती तेलकट शाईने दगडावर लिहिली आणि त्यातून युक्ती सुचली, असं तो स्वतःच सांगे. युक्तीचं मर्म आपल्या आमटीत आहे. तेलाचा तवंग पाण्यात मिसळत नाही. दगडावर तेलकट शाईने लिहायचं, मग दगड ओला करायचा. कोरी जागा पाणी धरून ठेवते, अक्षरावरून पाणी ओघळतं. त्यावर शाईचा रूळ फिरवला की तेलकट शाई फक्त अक्षराला चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप तयार. सपाट दगडावर ना उठाव, ना खोदकाम.

या कामाला सर्वांत उत्तम दगड म्हणजे बव्हेरियातल्या सोल्नहोफेनची चुनखडी, कण इतके बारीक की पिसाचाही ठसा राहावा. आणि तो खरोखरच राहिला. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पंखवाला जीव आर्किऑप्टेरिक्स १८६१ मध्ये जगासमोर आला तो याच खाणींतून, आणि त्याला शास्त्रीय नाव मिळालं लिथोग्राफिका. शिळाछापाच्या दगडातला पक्षी!

आपल्याकडे याला शिळाछाप म्हणत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी मिशनच्या छापखान्यात हे काम पाहिलं, खटपट करून स्वतःचं यंत्र उभं केलं आणि १८३१ मध्ये दगडावरून मराठी पंचांग छापलं. पुढे ते खिळ्यांकडे वळले. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला, अक्षरं ओतण्यात अख्खं आयुष्य घातलं आणि देवनागरी शिशात स्थिरावली. म्हणजे मुंबई दगडाकडून शिशाकडे गेली आणि लखनौ दगडावरच ठाम राहिलं. जावजी आणि नवलकिशोर हे दोघे जवळपास एकाच काळातले. दोघांनीही आपापल्या लिपीला साजेल ती वाट धरली, आणि मला दोघेही बरोबर वाटतात.

लखनौच्या छापखान्यात पान कसं तयार व्हायचं ते जरा जवळून पाहू. कातिब, म्हणजे मजकूर हाताने उतरवणारा लेखनिक, मांडी घालून बसलेला. समोर खळ लावलेला पिवळसर कागद, हातात बोरूची कलम, दौतीत तेलकट शाई. तो सरळच लिहितो, आयुष्यभर लिहीत आला तसं. लिहिलेला कागद ओलसर करून दगडावर पालथा घालतात आणि दाबतात. खळ विरघळते, कागद सुटून येतो आणि शाई दगडावर राहते, उलटी होऊन. आता संगसाजाची पाळी. तो दगडावर वाकतो आणि उलटं वाचत जातो. पुसट झालेली वेलांटी जाड करतो, गळालेला नुक्ता ठेवतो, फाजील ठिपका खरवडून काढतो. नुक्ता म्हणजे काही शोभेची टिकली नव्हे. एक नुक्ता इकडचा तिकडे गेला की 'खुदा'चा 'जुदा' होतो, ही उर्दूतली जुनी चेष्टा आहे. मग रूळ, कागद, दाब. एका दगडावरून शेकडो प्रती, नीट सांभाळला तर हजारावरही. काम झालं की वाळू आणि पाणी घालून दगड घासायचा. कातिबाचं पान दगडावरून नाहीसं होतं आणि त्याच जागी पुढचं येतं.

म्हणजे पाच हजार पुस्तकांचा अर्थ असा, की त्यातलं बहुतेक प्रत्येक पान एका जिवंत माणसाने आधी हाताने लिहिलं. छापखान्याने लेखणी हद्दपार केली, असं आपण शाळेत शिकतो. इथे छापखान्यानेच लेखणीला रोजगार दिला.

आता काळ बघा. फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं. वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटिया बुर्जला गेला आणि त्याच्याबरोबर कवी, गवई, कथेकरी यांचं पोट चालवणारा दरबारही गेला. पाठोपाठ १८५७. लखनौत वेढा, तोफा, सूड. दिल्लीत गालिबचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. स्वतःच्या कवितांची वही जपून ठेवायची सवय या माणसाला नव्हती. दोन स्नेही त्याचं सगळं लिखाण गोळा करून आपापल्या ग्रंथसंग्रहांत ठेवत. बंडाच्या धामधुमीत दोघांची घरं लुटली गेली. पुढे एका फकिराने कुठूनशी मिळवलेली गालिबचीच गझल त्याला आणून दाखवली, तेव्हा तो रडला. त्याने हे पत्रात लिहून ठेवलंय.

अशा वेळी, १८५८ च्या नोव्हेंबरात, बावीस वर्षांचा एक तरुण लखनौत येऊन छापखाना काढतो. आग्र्याला शिकलेला, लाहोरच्या 'कोहिनूर' वृत्तपत्रात मुन्शी हरसुखराय यांच्या हाताखाली छपाईचं काम शिकलेला. जळून-लुटून निघालेल्या शहरात पुस्तकांचा धंदा काढणं, हे धाडस म्हणायचं की अचूक हिशेब? मला वाटतं, दोन्ही. नव्या राजवटीला उर्दूतले कायदे, फॉर्म, शाळेची पुस्तकं हवी होती. ती कंत्राटं मुन्शीजींनी मिळवली, आणि सरकारी छपाईने हाताशी भांडवल आलं. पाठोपाठ 'अवध अखबार' सुरू झाला, आधी साप्ताहिक, १८७७ पासून दैनिक. तो सरकारशी जुळवून घेणारा होता, हे लपवायचं कारण नाही. लखनौच्याच 'अवध पंच' या विनोदी पत्राने त्याची यथेच्छ टर उडवली. मुन्शीजी क्रांतिकारक नव्हते. ते दुकान चालवत होते. त्या दुकानाच्या नफ्यातून मात्र असं काही उभं राहिलं, जे उभं करायला एरवी एखाद्या संस्थानिकाची तिजोरी लागली असती.

गालिबच्या छपाईवरूनच बघा. १८६२ मध्ये या छापखान्याने त्याचं 'काते-ए-बुरहान' छापलं. एका नावाजलेल्या फारसी शब्दकोशाची म्हाताऱ्या गालिबने केलेली चिरफाड होती ती. त्यावरून इतकी चिखलफेक झाली की पुढे अब्रूनुकसानीचा खटलाही लढला गेला. १८६३ मध्ये त्याच्या फारसी कवितांचा समग्र संग्रह आला, सुमारे दहा हजार शेरांचा. ज्याचं लिखाण पाच-सहा वर्षांपूर्वी लुटीत गेलं, त्याची कविता आता शेकडो प्रतींत घरोघर पोचली. एवढ्या घरांवर एकदम दरोडा कोण घालणार? गालिब तसा कुणाची सहज स्तुती करणारा नव्हता, पण एका पत्रात त्याने या छापखान्याची तोंडभर वाखाणणी केलीय.

कुराण, हदीस, फतवे यांच्या आवृत्त्याही याच छापखान्यातून निघाल्या, आणि मालक हिंदू. लखनौत अजून सांगतात की कुराणाच्या छपाईचा विभाग वेगळा असे, तिथले कामगार वजू करून, म्हणजे नमाजाआधी करतात तसे हात-तोंड-पाय धुऊनच दगडाला हात लावत, आणि दगड धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जाऊ देत नसत. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. त्याच छताखाली तुलसीदासांचं रामचरितमानस छापलं जाई, भागवताचे उर्दू तर्जुमे निघत आणि १८७८ मध्ये हिंदी कवींची माहिती एकत्र करणारा 'शिवसिंह सरोज' हा ग्रंथही तिथूनच आला. एक दगड सकाळी पुराणाचं पान वाहतो, घासला जातो, दुसऱ्या दिवशी त्यावर फारसी व्याकरण चढतं. त्या दगडाला विचारायला हवं होतं, की बाबा, तुझी भाषा कुठली?

या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर एक गमतीदार खेळ असतो. पुस्तक पुरं झालं की एखादा शायर त्याच्या छपाईवर चार-सहा ओळी रचतो, आणि त्यातल्या शेवटच्या शब्दांच्या अक्षरांची बेरीज केली की छपाईचं साल निघतं. अरबी-फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला किंमत असते. अलिफचा १, बेचे २, जीमचे ३, दालचे ४. मुंबईत ट्रकच्या कपाळावर ७८६ लिहिलेलं असतं, ती याच हिशेबाने 'बिस्मिल्लाह'च्या संपूर्ण ओळीची बेरीज. आपल्या पोथ्यांत नेत्र म्हणजे २ आणि बाण म्हणजे ५ असं धरून शक लिहायचे, त्याचीच ही चुलत भावंडं. फरक एवढाच की इथे शब्द अर्थानेही चपखल बसला पाहिजे आणि बेरीजही बिनचूक आली पाहिजे. साल चार आकड्यांत छापून मोकळं होता आलं असतं. पण मग लखनौ कसलं?

आता सर्वांत मोठी गोष्ट, अगदी शब्दशः मोठी. दास्तान-ए-अमीर हमजा. अकबर बादशहाने तिच्यावर चौदाशे चित्रं काढवून घेतली होती. दास्तान म्हणजे लांबलचक अद्भुत कथा, दास्तानगो म्हणजे ती सांगणारा कथेकरी, आणि सांगायची ती तोंडी, रात्रीमागून रात्र, ऐकणारे पेंगेपर्यंत किंवा अफूची तार उतरेपर्यंत. तिच्यात तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेले अख्खे मुलूखच्या मुलूख असतात. अफरासियाब नावाचा जादूगारांचा सम्राट असतो. आणि अम्र अय्यार असतो. सोंगं घेणारा, लबाड, कंजूष, ज्याच्या झोळीत काहीही मावतं, मग ते शहर का असेना. दूरदर्शनवर 'चंद्रकांता' बघून वाढलेल्यांनी अय्यार आणि तिलिस्म हे दोन्ही शब्द ऐकलेत. देवकीनंदन खत्रींच्या कादंबरीत ते आले त्यामागे हीच परंपरा. 'हातिमताई', 'गुलबकावली' मराठीत चवीने वाचल्या गेल्या, त्याही याच गोतातल्या.

ही तोंडी कथा कागदावर आणायचं मुन्शीजींनी मनावर घेतलं. महंमद हुसेन जाह, अहमद हुसेन कमर, तसद्दुक हुसेन, हे लखनौचे नाणावलेले कथेकरी. पोशिंदा दरबार उठून गेलेला. छापखान्याने त्यांना लिहायला बसवलं. १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड येऊ लागले. सुरुवातीचे जाहचे, पुढचे कमरचे. आणि हा झाला दास्तानीचा एक भाग. मुन्शीजी गेले, मुलगा प्रागनारायण यांनी काम पुढे चालवलं, आणि विसाव्या शतकात शिरूनच ते थांबलं. एकूण ४६ खंड, चाळीस हजारांहून जास्त पानं. आपलं महाभारतही यापुढे आटोपशीर वाटावं. कथेकऱ्याच्या तोंडातून निघालेली ही पानं पुन्हा कातिबाने पिवळ्या कागदावर उतरवली, संगसाजाने उलटी वाचली.

त्याआधीच 'अवध अखबार'मध्ये आणखी एक प्रकार घडून गेला होता. १८७८ मध्ये मुन्शीजींनी रतननाथ धर 'सरशार' नावाच्या काश्मिरी पंडिताला संपादक नेमलं. गृहस्थ बाटलीचे शौकीन आणि लिहिण्यात बेबंद. त्यांनी अखबारात हप्त्याहप्त्याने 'फसाना-ए-आझाद' लिहायला घेतलं, आणि लखनौच्या गल्ल्या, नवाब, अफूबाज, भटियारणी त्यात बोलू लागल्या. आधुनिक उर्दू कादंबरीची सुरुवात सांगताना हे नाव टाळता येत नाही. असा लेखक वेळेवर मजकूर देत असेल का? मला शंका आहे. पण मालकाने त्याला लिहितं ठेवलं, आणि माझ्या मते आश्रय म्हणतात तो हाच.

मुन्शीजींनी शाळा-कॉलेजांना देणग्या दिल्या, त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला, १९७० मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं, लखनौच्या हजरतगंज भागातला एक रस्ता त्यांच्या नावाने आहे. हे सगळं दानशूर माणसाच्या चरित्रात असतंच. त्यांचं खरं दान मला पुस्तकाच्या किमतीत दिसतं. नवाब एखाद्या शायराला शाल-दुशाला देई, आणि शायर नवाबासाठी लिही. मुन्शीजींनी वाचकाला परवडेल असं पुस्तक काढलं. १८६७ मध्ये कानपूरहून रेल्वे लखनौला आली, १८७७ मध्ये व्ही.पी.ची सोय झाली. दूरच्या कुणा खेड्यातला पटवारी सूचीपत्र बघून पत्र टाकू लागला आणि पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवून सादीचं 'गुलिस्ताँ' घेऊ लागला. कागद महाग पडतो म्हटल्यावर लखनौच्या कागद गिरणीतही मुन्शीजींनी पुढाकार घेतला.

स्वस्ताईचा एक पुरावा गोरखपूरचा आहे. तिथे धनपतराय नावाचा एक शाळकरी पोरगा मित्राच्या बापाच्या तंबाखूच्या दुकानात बसायचा. संध्याकाळी दुकानात हुक्के पेटत आणि 'तिलिस्म-ए-होशरुबा' वाचली जाई. तंबाखूच्या वासात पोरगा कान देऊन बसे. पुढे एका पुस्तकवाल्याशी त्याने सौदा केला, की शाळेत तुझी गाइडं खपवतो, त्या बदल्यात कादंबऱ्या घरी न्यायला दे. कादंबऱ्या संपल्या तेव्हा त्याने नवलकिशोर छापखान्याची उर्दू पुराणं वाचून काढली. हा धनपतराय म्हणजे प्रेमचंद. मोठेपणी याच छापखान्याच्या 'माधुरी' या हिंदी मासिकाचे ते संपादक झाले, आणि सरशारच्या 'फसाना-ए-आझाद'चा हिंदी संक्षेपही त्यांनीच केला.

उर्दूची दगडावरची ही वहिवाट किती चिवट! दगडाच्या जागी पुढे जस्ताचे पत्रे आले, पण कातिब जागचा हलला नाही. १९८१ मध्ये नूरी नस्तलीक आलं तेव्हा कुठे यंत्राला हा उतार जमला. त्यासाठी मिर्झा अहमद जमील यांना सुट्या अक्षरांऐवजी हजारो अक्षरजोड्या आधी हातानेच लिहाव्या लागल्या.

आणि ते ४६ खंड? स्वस्त कागदावर छापले, लोकांनी वाचून वाचून चिंध्या केल्या आणि पुढे रद्दीत घातले. या ग्रंथालयात चार, त्या घरात दोन, अशी गत झाली. अलाहाबादच्या शम्सुर रहमान फारुकींनी कित्येक वर्षं हिंडून-फिरून, मागून, विकत घेऊन सगळे खंड जमवले आणि वाचूनही काढले. त्यांच्या नात्यातल्या महमूद फारुकी याने ते घेऊन २००५ मध्ये दिल्लीत दास्तानगोई पुन्हा सुरू केली. पांढऱ्या गादीवर, पांढऱ्या अंगरख्यात दोघे जण बसतात, बाजूला पाण्याचे कटोरे. एक जण मांडी ठोकून सुरू करतो, अम्र अय्यार झोळीत हात घालतो, आणि हॉलमधली मोबाइलवाली पोरं पुढे सरकून बसतात. दोघांच्याही हातात पुस्तक नसतं.